जर्मनीच्या लेकी, युरोपच्या सुना

मुंबई बेट इंग्रजांना हुंड्यात मिळाले, हे आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक असते. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा विवाह इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाशी ठरला, तेव्हा १६६१ च्या तहाने टँजियर बंदर, मुंबई आणि भरघोस रोख रक्कम राजाच्या पदरात पडली. पुढे १६६८ मध्ये त्याने हे बेट वर्षाकाठी दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले, हेही आपण आवडीने सांगतो. परंतु या व्यवहाराची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. एवढा हुंडा कोणी फुकट देत नाही. स्पेनशी झुंजणाऱ्या पोर्तुगालच्या पाठीशी शस्त्रबळाने उभे राहण्याची जबाबदारी इंग्लंडने त्याच तहात पत्करली होती. शिवाय राणी आली ती आपला कॅथलिक धर्म आणि आपले पाद्री बरोबर घेऊन. तिला मूल झाले नाही; आणि १६७८ मध्ये कॅथलिकांच्या कटाची आवई उठली, तेव्हा राजाला विष घालण्याचा आरोप खुद्द तिच्यावर करण्यापर्यंत काहींची मजल गेली.

श्रीमंत घरची सून महाग पडते, हा धडा इंग्लंडने पक्का गिरवला असावा. १७१४ ते १८३७ या काळात ब्रिटनच्या गादीवर जे पाच राजे बसले, त्या पाचही जणांच्या बायका जर्मन संस्थानांतल्या होत्या. रशियाचा हिशेब तर याहून नवलाचा. १७६२ मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या पीटरपासून १९१७ मध्ये पदच्युत झालेल्या दुसऱ्या निकोलसपर्यंत सात झार झाले. त्यांपैकी सहा जणांच्या पट्टराण्या जर्मन. अपवाद एकटा तिसरा अलेक्झांडर. त्याची राणी डेन्मार्कची. ज्या घराण्यांतून या मुली आल्या त्यांची नावे आज नकाशावर शोधूनही सापडत नाहीत : अनहाल्ट-झेर्ब्स्ट, मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झ, सॅक्स-मायनिंगेन, हेस-डार्मश्टाट. या मुलींनी मुंबई आणली नाही, टँजियर आणले नाही. मग युरोपातील बलाढ्य सिंहासनांनी त्यांनाच का निवडावे?

प्रस्तुत लेखक महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. साहजिकच मला यात प्रथम दिसतो तो बाजार. गेल्या वर्षी वर्गात मागणी आणि पुरवठा समजावताना मी हेच उदाहरण घेतले, आणि ते चांगले रंगलेही. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, बाजारात एक विकणारा असतो आणि एक घेणारा. यात ती मुलगी कोण?” तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

आधी पुरवठ्याचे पाहू. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहानंतर जर्मन भूमीत तीनशेहून अधिक लहानमोठी राज्ये नांदत होती. थोरल्या मुलालाच सर्व वारसा द्यावा, ही रीत अनेक घराण्यांत फार उशिरा रुजली. तोवर राज्याची वाटणी भावाभावांत, शेताची व्हावी तशी होत राहिली. गोथाचा धर्मशील ड्यूक अर्न्स्ट याला सात मुलगे होते. १६८० मध्ये त्यांनी बापाच्या राज्याचे सात तुकडे केले, आणि गोथा, कोबुर्ग, मायनिंगेन, हिल्डबुर्गहाउझेन, झालफेल्ड अशी एकेक राजधानी थाटली. तुकडेबंदीचा कायदा ज्यांना ठाऊक आहे त्या आपल्या वाचकांना याचा आर्थिक परिणाम वेगळा सांगायला नको. प्रत्येक तुकड्यावर एक ड्यूक, एक दरबार, एक राजवाडा, आणि डोईवर कर्ज. कोबुर्गचे कर्ज अठराव्या शतकात इतके हाताबाहेर गेले की १७७३ मध्ये त्या राज्याच्या जमाखर्चावर बादशाही आयोग नेमावा लागला. अशा घरात चार मुली असल्या म्हणजे त्यांचे करायचे काय? कित्येक राज्यांत राजकन्येच्या लग्नासाठी प्रजेवर खास कर बसे आणि त्याला ‘राजकन्या-कर’ असेच नाव होते. ज्यांचे जमत नसे त्यांच्यासाठी क्वेडलिनबुर्ग, गांडर्सहाइम यांसारखे ल्यूथरपंथी मठ होते. तिथे अविवाहित राजकन्येला मानाने म्हातारे होता येई.

परंतु नुसत्या संख्येने बाजार उभा राहत नाही. त्याला कायद्याचा आधार लागतो. तो कायदा म्हणजे समान जन्माचा नियम. राजघराण्यातल्या पुरुषाने राजघराण्यातल्याच मुलीशी विवाह करावा. सरदाराची, जमीनदाराची, मग ती कितीही धनाढ्य असो, मुलगी केली तर तो विवाह धर्माच्या दृष्टीने वैध. पण बायकोला नवऱ्याचा दर्जा नाही आणि मुलांना वारसा नाही. फ्रान्स, स्पेन, स्वीडन, डेन्मार्क या प्रत्येक देशात राजघराणे एकच. जर्मनीत मात्र ‘राजघराणी’ डझनांनी. म्हणजे हा नियम पाळायचा म्हटले की वधू शोधायला जायचे ते जर्मनीतच. नेपोलियनच्या धामधुमीत यांपैकी अनेक संस्थाने शेजाऱ्यांनी गिळंकृत केली. तरीही १८१५ च्या जर्मन संघाच्या घटनेने, चौदाव्या कलमात, या राज्य गेलेल्या घराण्यांचा समान जन्माचा हक्क शाबूत राखला. राज्य गेले, लग्नाच्या बाजारातली पत राहिली! ती पत नोंदणारे पुस्तकही होते. १७६३ पासून १९४४ पर्यंत गोथाहून दरवर्षी निघणाऱ्या पंचांगवजा वंशावळीत पहिल्या भागात राज्य करणारी घराणी असत, दुसऱ्यात राज्य गेलेली परंतु बरोबरीची, आणि तिसऱ्यात इतर. आपल्या मुलीचे नाव कोणत्या भागात छापले जाते यावर तिचे भवितव्य ठरे. आपल्याकडे कुळ, गोत्र आणि देवक पाहून स्थळे टिपणाऱ्या आजोबांना हे पुस्तक फार आवडले असते.

हा नियम मोडणाऱ्यांची काय गत होई याची दोन उदाहरणे पुरेत. ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याने १९०० साली बोहेमियाची काउंटेस सोफी खोटेक हिच्याशी लग्न केले, तेव्हा होणाऱ्या मुलांचा वारसा सोडल्याची शपथ त्याला २८ जून रोजी घ्यावी लागली. बरोबर चौदा वर्षांनी, त्याच तारखेला, साराजेव्होत दोघांनाही गोळ्या घातल्या गेल्या. हॅब्सबुर्ग घराण्याच्या दफनघरात तिला जागा नव्हती, म्हणून दोघेही आर्टश्टेटन येथे पुरले आहेत. दुसरे उदाहरण हेसचा राजपुत्र अलेक्झांडर याचे. त्याने १८५१ मध्ये यूलिया हाउके या काउंटेसशी लग्न केले. मुलांना हेसचे नाव मिळेना, म्हणून बाटेनबेर्ग हे निराळे नाव दिले गेले. पहिल्या महायुद्धात त्याचे इंग्रजी भाषांतर होऊन ‘माउंटबॅटन’ झाले. या असमान लग्नाचा एक नातू १९४७ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय होता, आणि त्या वर्षी ३ जूनला फाळणीची योजना जाहीर झाली ती त्याच्याच कारकीर्दीत.

आता मागणीकडे वळू. १७०१ च्या वारसा कायद्याने इंग्लंडची गादी प्रॉटेस्टंटांसाठी राखून ठेवली. रक्ताच्या नात्याने अधिक जवळ असलेल्या पन्नासहून अधिक कॅथलिक वारसांना ओलांडून ती हॅनोवरच्या सोफियाच्या वंशाकडे गेली. कॅथलिकाशी विवाह करणाराही गादीला मुके. ही विवाहाची अट तर २०१३ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत टिकली. म्हणजे फ्रान्स, स्पेन, ऑस्ट्रिया बाद. उरले कोण? उत्तर जर्मनीतील ल्यूथरपंथी संस्थाने. रशियाची अडचण वेगळी होती. तिथे येणाऱ्या वधूने ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारावा असा आग्रह असे. कॅथलिक घराणी यास सहजी तयार होत नसत, प्रॉटेस्टंट पित्यांची सदसद्विवेकबुद्धी त्या मानाने लवचिक निघे. ब्राउनश्वाइगच्या घराण्यातील दोन सख्ख्या बहिणी पाहा. थोरली एलिझाबेथ क्रिस्टिने हिने १७०७ मध्ये कॅथलिक होऊन पुढल्या वर्षी हॅब्सबुर्ग चार्ल्सशी विवाह केला; मारिया तेरेसा ही तिची मुलगी. धाकटी शार्लोट १७११ मध्ये पीटर द ग्रेटच्या मुलाला दिली गेली आणि चार वर्षांनी बाळंतपणात वारली. एकीसाठी रोमचा रस्ता, दुसरीसाठी पीटर्सबुर्गचा.

याच चार्ल्सला त्याआधी एका मुलीने नकार दिला होता, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. आन्सबाखची कॅरोलिन पोरकी होती, घरची गरीब होती, आणि समोर होते हॅब्सबुर्ग घराण्याचे स्थळ. धर्म बदलणार नाही, असे तिने सांगितले. १७०५ मध्ये तिने हॅनोवरच्या जॉर्जशी लग्न केले, आणि पुढे ती इंग्लंडची राणी झाली. वर्गातल्या त्या विद्यार्थिनीला मी हे नाव तेव्हाच सांगायला हवे होते. पण अशा कॅरोलिना मोजक्याच.

धर्म आणि कुळ जमले तरी मोठ्या घरची मुलगी नकोच असे. या बाजाराचे मर्म मला इथे सापडते. साधारणतः ज्याच्याजवळ अधिक त्याची किंमत अधिक. इथे मात्र ज्याच्याजवळ काही नाही त्याची किंमत अधिक होती. बाप दुबळा, म्हणून तो जावयाला युद्धात ओढणार नाही. माहेर दूर आणि लहान, म्हणून मुलगी रुसून परत जाणार नाही. तिच्यामागून सरदारांचा तांडा येणार नाही. तिसऱ्या जॉर्जसाठी वधूसंशोधन चालले तेव्हा राजकारणात न पडणारी मुलगी हवी, ही मुख्य अट होती. मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झची सतरा वर्षांची शार्लोट त्या अटीत बसली. ८ सप्टेंबर १७६१ रोजी ती लंडनला पोहोचली, नवऱ्याचे तोंड तिने प्रथमच पाहिले, आणि त्याच रात्री लग्न लागले. तिला पंधरा मुले झाली.

पण या पद्धतीची सर्वांत मोठी कथा झेर्ब्स्टच्या सोफीची. १७२९ मध्ये श्टेटिन येथे जन्मलेल्या या मुलीचा बाप प्रशियाच्या सैन्यात सेनापती होता. राजकुळातला खरा, पण पगारावर जगणारा. रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ आपल्या भाच्यासाठी वधू शोधत होती. प्रशियाच्या फ्रेडरिकने आपली बहीण त्या दूरच्या आणि बेभरवशाच्या दरबारात पाठवण्याऐवजी सोफीचे नाव पुढे केले. १७४४ च्या हिवाळ्यात माय-लेकी खोट्या नावाने निघाल्या. प्रवासखर्चही रशियानेच पाठवला होता. आपल्या पेटीत तीन-चार पोशाख आणि डझनभर आतले कपडे एवढाच ऐवज होता, असे तिने पुढे आठवणींत लिहून ठेवले. बापाने निघताना ल्यूथरपंथ न सोडण्याचा उपदेश केला. मुलीने मात्र रात्र-रात्र जागून रशियन भाषा घोकली, थंडीने मरणाच्या दारी पोहोचली, आणि त्या आजारात ल्यूथरपंथी पाद्री बोलावू का, असे विचारले तेव्हा ऑर्थोडॉक्स गुरूलाच बोलवा म्हणाली. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला त्या क्षणी किती उमजले होते, आणि किती श्रद्धा होती, किती हिशेब? इतिहासकार अजून वाद घालतात. जूनमध्ये तिचा धर्म बदलला, आणि नावही. सोफीची एकातेरीना झाली. लग्नाच्या दिवशी तांदळात नवे नाव कोरून घेतलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना यात काही नवीन वाटले नसते. १७४५ मध्ये लग्न झाले. बापाला आमंत्रण नव्हते.

सतरा वर्षांनी, १७६२ मध्ये, तिने नवऱ्याला पदच्युत केले आणि १७९६ पर्यंत रशियावर राज्य केले. ज्या मुलीला ती कोणीच नाही म्हणून निवडले, तिने निवडणाऱ्यांचाच हिशेब चुकवला. तिला थोर म्हणणाऱ्यांत मीही आहे. परंतु तिच्या चरित्रातला एक भाग मला अस्वस्थ करतो. सत्ता हाती आल्यावर तिने हा बाजार मोडला नाही; स्वतः त्यातली सर्वांत मोठी गिऱ्हाईक झाली. १७७३ मध्ये मुलगा पॉल याच्यासाठी हेस-डार्मश्टाटच्या तीन बहिणी आईसह पीटर्सबुर्गला बोलावल्या गेल्या. विल्हेल्मिना पसंत पडली, बाकीच्या दोघी परत. तीन वर्षांत विल्हेल्मिना बाळंतपणात वारली, आणि त्याच वर्षी व्युर्टेम्बेर्गची दुसरी मुलगी आणली गेली. तिचा वाङ्‌निश्चय आधीच झाला होता; त्या नियोजित वराला, तो मृत विल्हेल्मिनेचाच भाऊ, पैसे देऊन बाजूस केले. १७९५ मध्ये नातू कॉन्स्टंटिन याच्यासाठी पुन्हा तोच दाखवण्याचा कार्यक्रम. या वेळी कोबुर्गच्या तीन बहिणी. निवड झाली ती युलियाना हिची. लग्नाच्या दिवशी तिला पंधरावे वर्षही पुरे झाले नव्हते. नवरा क्रूर निघाला. १८०१ मध्ये ती रशियातून बाहेर पडली ती परतलीच नाही. १८२० मध्ये घटस्फोट झाला, आणि उरलेले आयुष्य तिने स्वित्झर्लंडमध्ये काढले.

तिच्या माहेराला मात्र हे लग्न फळले. कर्जात बुडालेल्या कोबुर्गला रशियाचे दार उघडले. धाकट्या भावाला, लिओपोल्डला, रशियन सैन्यात हुद्दा मिळाला. तो १८३१ मध्ये बेल्जियमचा राजा झाला. बहीण व्हिक्टोरिया १८१८ मध्ये केंटच्या ड्यूकला दिली, आणि तिची मुलगी इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया. पुतण्या अल्बर्ट त्या राणीचा नवरा, दुसरा पुतण्या फर्डिनांड पोर्तुगालच्या राणीचा. कोबुर्ग म्हणजे युरोपची घोड्यांची पागा, असा टोमणा बिस्मार्कच्या नावावर सांगितला जातो. या एवढ्या भरभराटीचे भांडवल एका चौदा वर्षांच्या मुलीच्या सोसण्याचे होते, हे त्या टोमण्यात येत नाही.

हुंडा घेऊन गेलेलीचे तरी भले झाले का? सेलची सोफिया डोरोथिया हिच्याबरोबर बापाचे राज्य हॅनोवरला मिळणार होते, म्हणून १६८२ मध्ये चुलतभाऊ जॉर्जशी तिचे लग्न लावले. प्रेमप्रकरण उघडकीस आले, १६९४ मध्ये घटस्फोट झाला, आणि आल्डेनच्या वाड्यात ती सुमारे तीस वर्षे, मरेपर्यंत, नजरकैदेत राहिली. नवरा मध्यंतरी इंग्लंडचा राजा झाला. मुलांची भेट पुन्हा झाली नाही. सेलचे राज्य हॅनोवरकडेच राहिले.

सगळ्याच कहाण्या अशा नाहीत, हे मान्य. वाल्डेकसारख्या चिमुकल्या संस्थानातील वीस वर्षांची एम्मा १८७९ मध्ये हॉलंडच्या एकसष्ट वर्षांच्या तिसऱ्या विल्यमला दिली, तेव्हा लोकांनी नाके मुरडली असतील. म्हाताऱ्याचे मुलगे एकामागून एक गेले, एम्माची एकुलती मुलगी तेवढी उरली, आणि १८९० पासून आठ वर्षे एम्माने तिच्या नावे कारभार असा चोख केला की डच राजघराणे तगले ते तिच्यामुळे, असे म्हणायला हरकत नाही.

या सोयरिकींनी युरोपात शांतता राहील, असे त्या काळी गंभीरपणे बोलले जाई. १९१४ मध्ये काय झाले ते सर्वविदित आहे. कैसर विल्हेल्म आणि पाचवा जॉर्ज व्हिक्टोरियाचे नातू, झार निकोलसची राणी तिची नात. तारा गेल्या-आल्या, आणि युद्ध झालेच. त्याचा वैयक्तिक भुर्दंड पडला तो सुनांवर. हेसची अलिक्स धर्म बदलण्याच्या विचाराने वर्षानुवर्षे लग्नास नाही म्हणत होती; १८९४ मध्ये ती झारीना झाली, तीही सासऱ्याच्या अंत्यविधीपाठोपाठ. आजी व्हिक्टोरियाकडून आईमार्फत आलेला रक्त न गोठण्याचा रोग तिने नकळत आपल्या एकुलत्या मुलाला दिला. वीस वर्षे रशियात काढल्यावरही युद्ध सुरू होताच ती ‘जर्मन बाई’ ठरली. १७४४ मध्ये सोफीला जे साधले ते हिला का साधले नाही, याचे उत्तर केवळ स्वभावात नाही. मधल्या काळात राजा हा देशाचा मालक न राहता राष्ट्राचे प्रतीक झाला होता, आणि प्रतीकाची बायको परकी चालत नाही. जुलै १९१७ मध्ये पाचव्या जॉर्जनेही आपल्या घराण्याचे कोबुर्गी नाव टाकून विंडसर हे नाव घेतले. नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीतील सारी सिंहासने एकदम कोसळली आणि बाजार उठला. त्याची सावली मात्र रेंगाळली. १९४७ मध्ये फिलिपचे राजकन्या एलिझाबेथशी लग्न झाले, तेव्हा जर्मनांच्या घरी दिलेल्या त्याच्या तिन्ही हयात बहिणींना आमंत्रण नव्हते.

अलिक्स, तिचा नवरा आणि पाचही मुले १७ जुलै १९१८ च्या पहाटे एकातेरिनबुर्ग येथे मारली गेली. त्या गावाजवळ सापडलेली हाडे १९९१ मध्ये उकरून काढण्यात आली. ती कोणाची हे ठरवायला गोथाची वंशावळ उपयोगी नव्हती, कारण ती बापाच्या नावाने चालते. माणसाच्या पेशीत एक असा अंश असतो की जो फक्त आईकडूनच मुलांना मिळतो. मुलगी तो पुढे देते, मुलगा देऊ शकत नाही. म्हणून अलिक्सची थोरली बहीण, तिची मुलगी, आणि त्या मुलीचा मुलगा, अशी माणसे शोधावी लागली. तो मुलगा म्हणजे एडिंबरोचा ड्यूक फिलिप. त्याने रक्ताचा नमुना दिला, आणि १९९३ मध्ये तो झारीनेच्या व तीन मुलींच्या हाडांशी जुळला. १७ जुलै १९९८ रोजी पीटर्सबुर्गच्या पीटर आणि पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांचे दफन झाले. त्याच कॅथेड्रलमध्ये, तीन-चार पोशाख घेऊन आलेली झेर्ब्स्टची सोफी पुरलेली आहे.